प्रौढ शिक्षणाचे नियोजन : आधी आराखडा, मग वर्ग

महाराष्ट्रात साक्षरतेचा प्रसार गेल्या काही दशकांत लक्षणीय प्रमाणात झाला आहे. २००१ च्या जनगणनेत सात वर्षांवरील लोकसंख्येतील साक्षरतेचे प्रमाण ७६.८८ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत ते ८२.३४ टक्क्यांवर पोहोचले. ही प्रगती समाधानकारक असली, तरी याच आकड्यांची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. २०११ मध्ये पुरुषांतील साक्षरता ८८.३८ टक्के होती, तर स्त्रियांतील ७५.८७ टक्के. म्हणजे सात वर्षांवरील दर चार स्त्रियांपैकी जवळजवळ एक स्त्री त्या वेळी अक्षरओळखीपासून दूर होती.

मागे राहिलेले हे लोक कोण, याचा विचार केला तर एक गोष्ट स्पष्ट होते. डोंगरी भागातील वाड्या, आदिवासी पाडे, हंगामी स्थलांतर करणारी कुटुंबे, वयस्कर शेतमजूर स्त्रिया यांचा त्यांत मोठा भरणा आहे. सर्वांसाठी सारख्याच आखलेल्या वर्गांचा लाभ ज्यांना आपल्या कामाच्या वेळा, स्थलांतर वा भाषा यांमुळे घेता आला नाही, तेच हे लोक होत. अशा स्थितीत वर्गांची संख्या वाढविण्याने प्रश्न सुटणार नाही. वर्ग कोणासाठी, कशासाठी आणि कोणत्या रीतीने, याची मांडणी वर्ग उघडण्यापूर्वीच होणे अगत्याचे आहे. या मांडणीलाच शिक्षणशास्त्रात संकल्पनात्मक आराखडा असे म्हणतात.

आराखडा म्हणजे काय?

एखादी योजना गावात येते तेव्हा उद्दिष्टाचा आकडा ठरतो, निरक्षरांची यादी होते, पुस्तके व पाट्या येतात आणि उद्घाटनाची तारीख निश्चित होते. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु ते प्रशासकीय नियोजन होय. शिकणाऱ्याला काय हवे आहे, शिकून तो काय करू लागेल, त्यासाठी कोणता मजकूर आणि कोणती पद्धत योग्य, या प्रश्नांना यादी किंवा अंदाजपत्रक उत्तर देत नाही. ज्या कल्पनांवर शिक्षणाचे काम उभे राहावयाचे, त्या कल्पना आणि त्यांचे परस्परसंबंध कागदावर स्पष्टपणे मांडणे म्हणजे संकल्पनात्मक आराखडा.

अशा मांडणीचा पाया अनेक शिक्षणतज्ज्ञांनी घातला आहे. अमेरिकेतील राल्फ टायलर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अभ्यासक्रम आखताना चार प्रश्न विचारावेत असे सुचविले. कोणती उद्दिष्टे साधावयाची? ती साधण्यासाठी शिकणाऱ्याला कोणते अनुभव द्यावयाचे? त्या अनुभवांची जुळणी कशी करावयाची? आणि उद्दिष्टे साधली की नाही हे कसे ठरवावयाचे? हे प्रश्न साधे वाटतात. मात्र त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पुस्तक आधी छापून उद्दिष्ट मागाहून शोधणे या क्रमात बसत नाही.

टायलर यांचे प्रश्न कोणत्याही शिक्षणास लागू पडतात. प्रौढांच्या शिक्षणाचा वेगळा विचार माल्कम नोल्स यांनी १९७० साली विस्ताराने मांडला. त्यांच्या मते प्रौढ माणूस स्वतःचे निर्णय स्वतः घेणारा असतो; त्याच्यापाशी आयुष्यभराच्या अनुभवाचा साठा असतो; संसारात वा व्यवसायात जी गरज उभी राहते ती भागविणारे शिक्षण घेण्यास तो तयार होतो; आणि त्याला शिकलेल्या गोष्टीचा उपयोग पुढे केव्हातरी नव्हे, तर लगेच हवा असतो. अंतःप्रेरणेचे महत्त्व आणि ‘हे का शिकावयाचे’ हे कळण्याची निकड, या दोन बाबींची भर त्यांनी पुढे घातली. आरंभी नोल्स यांनी बालशिक्षण व प्रौढशिक्षण या परस्परविरोधी पद्धती मानल्या होत्या. १९८० च्या सुधारित आवृत्तीत मात्र त्यांनी हा विरोध सौम्य केला आणि शिकणारा व प्रसंग पाहून पद्धत निवडावी अशी भूमिका घेतली. आराखडा हा अनुभवाने सुधारावयाचा असतो, हे यावरून दिसून येते.

ब्राझीलमधील पाउलो फ्रेरे यांनी याच विचाराला वेगळी दिशा दिली. १९६३ साली आंजिकोस या गावी सुमारे ३०० कष्टकऱ्यांना जवळजवळ ४० तासांत वाचन-लेखन शिकविण्याचा त्यांचा प्रयोग जगभर गाजला. त्यांनी तयार अंकलिपी आणली नाही. लोकांच्या रोजच्या बोलण्यातून त्यांच्या जगण्याशी निगडित असे शब्द निवडले, त्या शब्दांमागील परिस्थितीवर चर्चा घडविली आणि त्याच शब्दांची फोड करून अक्षरे शिकविली.

मागील मोहिमांचा बोध

महाराष्ट्राला प्रौढ शिक्षणाची परंपरा नवी नाही. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी व कामकरी यांच्यासाठी पुण्यात रात्रशाळा चालविली. मजुरी बुडू न देता शिकता यावे म्हणून वर्ग रात्री भरविण्याच्या या निर्णयात शिकणाऱ्याच्या दिनक्रमाचा विचार होता.

१९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. संपूर्ण गावाने साक्षरतेचा संकल्प करावा आणि तो पुरा झाल्यावर गौरव समारंभ व्हावा, ही त्या मोहिमेची ताकद होती. गावाचा अभिमान हाच तिचा प्रेरणास्रोत होता. तथापि, जेथे समारंभानंतर वाचनाची सोय राहिली नाही, तेथे अनेक नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळले. ‘नंतर काय?’ हा प्रश्न आराखड्यात आरंभीच असला पाहिजे, हा या मोहिमेचा मोठा धडा होय. मुंबईत श्रीमती कुलसुम सयानी यांनी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे पाक्षिक नागरी, उर्दू आणि गुजराती या तीन लिप्यांतून चालविले, त्यामागे नेमकी हीच जाणीव होती.

१९६७-६८ मध्ये देशात शेतकऱ्यांसाठी कार्यात्मक साक्षरतेचा कार्यक्रम सुरू झाला. अधिक उत्पन्न देणाऱ्या बियाण्यांच्या प्रसाराशी त्याची सांगड घातलेली होती. २ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने साक्षरतेच्या जोडीला कार्यकुशलता व सामाजिक जाणीव यांनाही स्थान दिले. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाने नवसाक्षर कोणास म्हणावे याचे मोजमाप निश्चित केले. साधा मजकूर मिनिटाला ३० शब्द या गतीने मोठ्याने वाचणे, पाहून मिनिटाला ७ शब्द व ऐकून ५ शब्द लिहिणे, १ ते १०० अंक लिहिता-वाचता येणे, तीन अंकी संख्यांपर्यंत बेरीज-वजाबाकी करणे आणि प्रमाण व व्याज यांची व्यावहारिक जाण असणे, असे त्याचे स्वरूप होते. अभ्यासक्रम सुमारे २०० तासांचा ठरविण्यात आला.

२०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, म्हणजेच ‘उल्लास’ मध्ये, १५ वर्षांवरील सर्व निरक्षरांचा समावेश करण्यात आला. पूर्वीच्या ३५ वर्षांच्या मर्यादेमुळे वगळल्या गेलेल्या वयस्कर स्त्री-पुरुषांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान, जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण हे त्याचे पाच घटक आहेत. राष्ट्रीय कार्यक्रम अशी व्यापक चौकट देतो. त्या चौकटीत गावाचा आराखडा बसविण्याचे काम मात्र गावपातळीवरील कार्यकर्त्यांनाच करावे लागते.

आराखड्याचे आठ घटक

वरील विचारांचा मेळ घातला असता प्रौढ वर्गाच्या आराखड्यात आठ घटक असावेत असे दिसते : शिकणारा कोण, त्याची निकड कोणती, शिकून तो कोणती कृती करू शकेल, मजकूर कोणता, पद्धत कोणती, शिकविणारा कोण, वेळ व जागा कोणती, आणि मूल्यमापन व पुढील सोय कशी. हे घटक प्रत्यक्ष कसे भरावयाचे, हे एका उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल.

बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक गावे ओस पडतात. ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर उन्हाळ्यात परततात. अशा एका गावी ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांसाठी वर्ग काढावयाचा आहे, असे मानू.

शिकणारा कोण? या स्त्रिया पहाटेपासून फडात राबणाऱ्या आहेत. पती-पत्नीची जोडी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. परंतु उचल घेण्याचा व्यवहार बहुधा मुकादम आणि पुरुष यांच्यातच होतो. स्त्रिया निरक्षर असल्या तरी अडाणी नाहीत. मोळ्या मोजणे, वाढ्यांच्या विक्रीचा हिशेब, विसाच्या पटीतील तोंडी गणित त्यांना अवगत असते. आराखड्यात त्यांच्या उणिवेबरोबर या ज्ञानाचीही नोंद झाली पाहिजे.

निकड कोणती? कुटुंबाने किती उचल घेतली, हंगामात किती टन ऊस तोडला, किती रक्कम वळती झाली आणि किती बाकी राहिली, हा सारा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. ती वही वाचता येत नसल्याने पुढील हंगामाची बाकी निमूटपणे मान्य करावी लागते. ही निकड सर्वेक्षणाच्या छापील तक्त्यातून सहसा समजत नाही. त्यासाठी वर्गापूर्वी काही दिवस स्त्रियांच्या बैठकीत बसून त्यांचे बोलणे ऐकावे लागते.

शिकून कोणती कृती करता येईल? येथे ‘साक्षर होणे’ एवढे उद्दिष्ट पुरेसे नाही. वजनकाट्याची पावती वाचता येणे, रोजची नोंद स्वतःच्या वहीत करणे, उचल किती दिवसांत फिटते हे काढता येणे, बँकेच्या पासबुकातील जमा व नावे रकमा ओळखणे आणि कागद वाचल्याखेरीज त्यावर सही न करणे, या पाच कृती उद्दिष्ट म्हणून लिहाव्यात. शेवटची कृती विशेष महत्त्वाची आहे. केवळ सही शिकविणाऱ्या वर्गातून अंगठ्याच्या जागी सही येते; पण न वाचलेल्या कागदाचा धोका तसाच राहतो.

मजकूर कोणता? उद्दिष्टे ठरली की मजकूर आपोआप सुचतो. ‘उचल’, ‘फड’, ‘टन’, ‘वजन’ हे चारही शब्द काना-मात्रांविना लिहिले जातात आणि त्यांतून उ, च, ल, फ, ड, ट, न, व, ज ही नऊ अक्षरे मिळतात. त्याच अक्षरांतून वड, जड, चव, नवल हे शब्द तयार होतात. कान्याची ओळख झाली की नाव, वाट, डाव, लाज हे शब्द वाचता येतात. त्यानंतर काटा, वाढे, मोळी, कोयता यांतून इतर स्वरचिन्हे घेता येतात. शासकीय पुस्तिका बाजूला ठेवण्याचे कारण नाही. तिच्या आधी आणि तिच्या जोडीला हे शब्द यावेत.

अंकगणिताचेही तसेच. हिशेबाच्या सोयीसाठी मजुरी टनाला ३०० रुपये धरली आणि एका कोयत्याने दिवसाला २ टन ऊस तोडला, तर दिवसाचे ६०० रुपये होतात. ५०,००० रुपयांची उचल फिटण्यास किती दिवस लागतील? तीन अंकी बेरीज-वजाबाकीच्या मोजमापात हे गणित बसत नाही. जीवनाची गरज येथे ठरीव मोजमापाच्या पुढे गेलेली आहे. मात्र स्त्रियांच्या तोंडी हिशेबाची मदत घेतली तर ते अवघड राहत नाही. पाच दिवसांचे ३,००० रुपये. असे सोळा गट, म्हणजे ८० दिवसांचे ४८,००० रुपये. उरलेल्या २,००० रुपयांसाठी आणखी चार दिवस. एकूण ८४ दिवस. तोंडी येणारे हे गणित कागदावर कसे उतरवावयाचे, एवढेच शिकवावयाचे उरते.

पद्धत कोणती? प्रत्येक पाठाचा आरंभ अनुभवाच्या चर्चेने व्हावा. पावतीचा नमुना सर्वांच्या हाती द्यावा. भरलेल्या वाहनाचे वजन, रिकाम्या वाहनाचे वजन आणि निव्वळ वजन यांचा अर्थ स्त्रियांनीच सांगावा. मग त्यातील शब्द व अंक वाचावेत आणि शेवटी स्वतःची नोंद करावी. अनुभव, चर्चा, अक्षर आणि कृती हा क्रम प्रत्येक पाठात राखला गेला म्हणजे ‘हे का शिकावयाचे’ हे वेगळे सांगावे लागत नाही.

शिकविणारा कोण? गावातीलच शिकलेली मुलगी किंवा सून या कामास अधिक योग्य. तिला त्यांची बोली येते आणि घरांची परिस्थिती ठाऊक असते. मात्र आईच्या वयाच्या स्त्रियांना शिकविताना त्यांचा मान कसा राखावा, चुकीची दुरुस्ती चारचौघींत कशी करू नये, याचे प्रशिक्षण तिला मिळावयास हवे. शाळेतील शिक्षकाने येथे प्रत्यक्ष अध्यापनापेक्षा मार्गदर्शकाची भूमिका घ्यावी.

वेळ व जागा कोणती? पेरणीची धांदल वगळून निघण्यापूर्वी सुमारे १६ आठवडे हाती लागतात असे धरले आणि आठवड्यातून ५ दिवस, दररोज दीड तास वर्ग चालला, तर १२० तास होतात. अभ्यासक्रम २०० तासांचा धरल्यास ८० तास कमी पडतात. याकडे डोळेझाक करून नोव्हेंबरात पटावर हजेरी मांडत राहण्यात अर्थ नाही. अभ्यासक्रमाचे दोन पावसाळ्यांत दोन भाग करावेत आणि मधल्या हंगामात सराव चालू राहील अशी योजना करावी. जागा अंगणवाडी, मंदिराचा सभामंडप किंवा एखाद्या घराची ओसरी अशी असावी, की जेथे लहान मूल बरोबर आणता येईल.

मूल्यमापन व पुढील सोय कशी? उल्लास कार्यक्रमाच्या चाचणीत वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे एकूण १५० गुण असतात. ही चाचणी आवश्यक आहेच. परंतु आपल्या आराखड्यात पाच कृती उद्दिष्ट म्हणून लिहिल्या असतील, तर त्या पाच कृतींचीही परीक्षा व्हावयास हवी. त्यासाठी उत्तम साधन म्हणजे हंगामाला जाताना प्रत्येकीजवळ दिलेली एक लहान वही. तारीख, टन आणि घेतलेली रक्कम एवढे तीनच रकाने तिच्यात असावेत. कोपीवर राहून सहा महिने वर्ग भरविणे कठीण आहे. पण रोज तीन नोंदी करणे शक्य आहे. स्त्रिया परत आल्यावर ती वही हाच त्यांच्या शिक्षणाचा खरा निकाल आणि पुढील वर्गाचे पहिले पुस्तक ठरेल.

घटकांचा परस्परसंबंध

आठ घटकांची उत्तरे अलग अलग लिहिली म्हणजे आराखडा पुरा झाला असे नाही. त्यांतील दुवे तपासणे हे नियोजनाचे मुख्य अंग होय. वरील उदाहरणात शिकणारा बदलला, ऊसतोड स्त्रीच्या जागी नव्याने निवडून आलेली ग्रामपंचायत सदस्य आली, तर निकड बदलते. मग इतिवृत्त, ठराव, अंदाजपत्रक हे शब्द पुढे येतात, कृती म्हणून ‘सही करण्यापूर्वी ठराव वाचणे’ हे उद्दिष्ट येते आणि वर्गाचा काळ मासिक सभेच्या तारखेशी जुळवावा लागतो. वेळ कमी पडली तर मजकूर कमी करावा की काळ वाढवावा, याचा निर्णयही उद्दिष्टाकडे पाहूनच घ्यावा लागतो. एका घटकात केलेला बदल इतर घटकांत कोठे कोठे पोहोचतो, हे आराखड्यामुळे आधीच दिसते.

वर्गातील गळतीचा विचारही याच रीतीने करता येतो. हजेरी घटली की ‘लोकांना शिक्षणाची आवड नाही’ असा शेरा अहवालात येतो. आराखडा समोर असेल तर वेळ चुकली काय, मजकूर परका वाटला काय, शिकविणारीची भाषा वेगळी पडली काय, असे प्रश्न क्रमाने विचारता येतात आणि दोष कोठे आहे ते सापडते.

गावपातळीवरील जबाबदारी

असा आराखडा करण्यासाठी मोठ्या खर्चाची किंवा तज्ज्ञांच्या समितीची आवश्यकता नाही. ग्रामपंचायत सदस्यांना आपल्या गावातील लोकांचे स्थलांतर, कामाच्या वेळा आणि अडचणी यांची माहिती असते. ती माहिती त्यांनी नियोजनाच्या वेळी मांडावी. शिक्षकांनी गावच्या शब्दांतून अक्षरांचा क्रम लावून द्यावा आणि स्वयंसेवकांना पद्धत समजावून सांगावी. अधिकाऱ्यांनी वर्गाला भेट देताना पटावरील संख्येबरोबर आराखड्याचा कागदही मागावा आणि शिकणाऱ्या व्यक्ती कोणत्या नव्या कृती करू लागल्या आहेत याची विचारपूस करावी. ग्रामसभेत आराखडा वाचून दाखविला गेला, तर ज्यांच्यासाठी तो केला त्यांना त्यात दुरुस्ती सुचविता येईल. प्रौढांना स्वतःच्या शिक्षणाविषयी निर्णय घेऊ देणे हे प्रौढ शिक्षणाचे मूलतत्त्वच आहे.

साक्षरतेचे शिल्लक राहिलेले काम संख्येने कमी दिसत असले, तरी ते अधिक कठीण आहे. ज्यांच्यापर्यंत आजवरचे वर्ग पोहोचू शकले नाहीत, त्यांच्या दिनक्रमाला, भाषेला आणि निकडीला धरून आखलेला वर्गच त्यांच्यापर्यंत पोहोचेल. वर्ग उघडण्यापूर्वी एक कागद घेऊन वरील आठ प्रश्नांची उत्तरे शिकणाऱ्यांसमवेत बसून लिहिणे, ही या कामाची पहिली पायरी होय. येत्या पावसाळ्यापूर्वी गावोगावी ही पायरी ओलांडली गेली, तर पुढील हंगामाला निघताना अनेक स्त्रियांच्या हाती स्वतःच्या हिशेबाची स्वतः लिहिलेली वही असेल.